'एक इंजेक्शन नाही, एक टाका नाही' – पण त्याचं श्रेय माझं नव्हे

परवा चिखलीत एका बारशाला गेले होते. पाळणा हलवून झाला, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या आणि मग बायांची बैठक जिथं यायची तिथं आलीच. कुणाचं नॉर्मल, कुणाचं सिझर. बाळाची आई जेमतेम चोवीस-पंचवीसची, पोटाशी उशी धरून कोपऱ्यात बसलेली. तिचं सिझर झालंय. एक मावशी बोलल्याच, "आजकालच्या पोरीईले कळाच सोसत नाहीत बाप्पा." आणि मग माझ्याकडे बोट करून, "ह्या ताईचं पाहा. दुसऱ्याच्या वेळी एक इंजेक्शन नाही का एक टाका नाही. सरकारी दवाखान्यात मोकळी झाली, अन् तिसऱ्या दिवशी घरी."

सगळ्या माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. मला मात्र त्या पोरीकडे बघवेना.

निघताना ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, माझं दुसरं नॉर्मल होईल का ओ?" वीस वर्षं बातमीदारी करतेय, जिल्ह्यातल्या दवाखान्यांवर ढीगभर बातम्या लिहिल्यात, पण मला तिला उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण घरात कुणी गरोदर असेल तर वाचाच.

आधी माझ्या शौर्याचा हिशेब सांगते, म्हणजे कौतुक जरा कमी होईल.

पहिलं बाळंतपण २०१० साली, एका खासगी दवाखान्यात. नाव लिहीत नाही, त्यात आता काही अर्थ नाही. रात्री अकराला कळा सुरू झाल्या. गेल्या गेल्या टेबलावर आडवं केलं ते शेवटपर्यंत. उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही, आईला आत येऊ द्यायचं नाही. सलाईनमधून कळांचं इंजेक्शन सुरू झालं आणि त्यानंतर कळ कधी संपते आणि दुसरी कधी सुरू होते हेच समजेना. शेवटी एका मावशीनं दोन्ही हातांनी पोट दाबलं, खाली कट मारला, बाळ निघालं. मग टाके. तीन आठवडे मला नीट बसता आलं नाही. दूध पाजायचं तर एका कुशीवर. कागदावर काय लिहिलं होतं? 'नॉर्मल डिलिव्हरी'. पेढे वाटले गेले, सासूबाईंनी देवीची ओटी भरली. मी नॉर्मल होते.

दुसरं बाळंतपण २०१३ च्या डिसेंबरात, ग्रामीण रुग्णालयात. इथं प्रामाणिकपणे सांगते, मी काही 'नैसर्गिक प्रसूती' नावाचं तत्त्वज्ञान वाचून तिथं गेले नव्हते. त्या वर्षी आमच्याकडं पैसे नव्हते, बस. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ ला सुरू झाला होता. त्यात बाळंतपण फुकट, औषधं-तपासण्या फुकट, नॉर्मल झालं तर तीन दिवस आणि सिझर झालं तर सात दिवस जेवण फुकट, जायला-यायला गाडी फुकट. हे मी बातमीत लिहिलेलं होतं, म्हणून मला माहीत होतं. नाहीतर आमच्या घरात 'सरकारीत कायले जाता' हाच सूर.

रात्रपाळीला एक सिस्टर होत्या, निवृत्तीला आलेल्या. त्या रात्री लेबर रूममध्ये मी एकटीच. तो निव्वळ योगायोग, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. सिस्टरनी तपासलं, बाळाचे ठोके ऐकले आणि म्हणाल्या, "टेबलावर कायले झोपतं? चाल माय, चाल. कळ आली की थांब, गेली की चाल." व्हरांड्यात थंडीत शाल पांघरून मी आणि माझी आई येरझारा घालत होतो. मध्ये चहा प्यायले, दोन बिस्किटं खाल्ली. आईनं कंबर चोळून दिली. दर अर्ध्या तासानं सिस्टर यायच्या, ठोके ऐकायच्या, नाडी बघायच्या, कागदावर लिहायच्या. सलाईन नाही. शेवटी डोकं दिसायला लागलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता जोर लावू नको, फुंकर मार, दिव्यावर मारतात तशी." मी फुंकर मारत राहिले आणि लेक हळूच बाहेर आली. साधारण पाच तासांत सगळं झालं. कट नाही, टाका नाही. अर्ध्या तासानं मी उठून बसले होते.

हीच ती गोष्ट जी बारशा-डोहाळजेवणांत बारा वर्षं फिरतेय. मीही फिरवली आहे. 'काही औषध न घेता.'

मग काही वर्षांनी लेकीच्या शाळेच्या कागदपत्रांत तिचं डिस्चार्ज कार्ड हाती आलं. त्यावर लिहिलं होतं, इंजेक्शन ऑक्सिटोसिन, १० युनिट, स्नायूत. म्हणजे औषध दिलं होतं! बाळ बाहेर आल्याबरोबर मांडीत टोचलं होतं. मला ते आठवतही नव्हतं, लेकीचं तोंड बघत होते ना. एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीला विचारलं तर ती हसली. म्हणाली, "अगं, हे तर प्रत्येक बाईला द्यायचंच असतं. बाळ झाल्यावर गर्भाशय आवळलं नाही तर रक्त थांबत नाही. तू ज्याला विनाऔषध म्हणतेस ना, त्यातलं हे एक इंजेक्शन काढलं तर तुझ्यासारखी एखादी मरते."

गंमत बघा. पहिल्या वेळी सलाईनमधून कळा वाढवायला जे दिलं होतं, ते आणि हे औषध एकच. बाळ व्हायच्या आधी, घाई म्हणून दिलं तर जाच, बाळ झाल्यावर दिलं तर जीवदान. (आधी कधीच लागत नाही असं नाही, कळा खरंच थंडावल्या तर लागतं. पण 'लवकर उरकू' हे काही त्याचं कारण नव्हे.) भांडण औषधाशी नाहीच मुळी. ते कुणासाठी दिलं जातंय, बाईसाठी की घड्याळासाठी, एवढाच प्रश्न आहे.

आता ज्यांना वाटतं की बाळंतपण हा निसर्गाचा खेळ, दवाखाना कशाला, त्यांच्यासाठी. जुलै २०१८, तमिळनाडूतलं तिरुपूर. अठ्ठावीस वर्षांची शिक्षिका, पहिली मुलगी तीन वर्षांची, ही दुसरी खेप. नवऱ्यानं मित्राच्या नादानं आणि यूट्यूब बघून घरीच बाळंतपण करायचं ठरवलं. मुलगी झाली, ठणठणीत झाली. वार सुटताना रक्तस्राव सुरू झाला आणि ती बाई गेली. दुसरं बाळंतपण, नैसर्गिक, विनाऔषध. माझ्या कौतुकाच्या गोष्टीत आणि तिच्या गोष्टीत फरक किती? मांडीतलं एक इंजेक्शन आणि ते कधी टोचायचं हे माहीत असलेली एक सिस्टर.

"आपल्या आज्या वावरात बाळंत होत होत्या" हे वाक्य मला आता कुणी ऐकवू नका. माझ्या आजीची नऊ बाळंतपणं, त्यातली पाच जगली. तिला उरलेल्या चौघांबद्दल कुणी विचारलं का कधी? आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहाच दिवस जगला. त्या धक्क्यातून ती पोरगी अमेरिकेत गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. तिचा प्रबंध कशावर होता? प्रसूतिशास्त्रावर. जिचं लेकरू त्या 'नैसर्गिक' काळात गेलं, तिला त्या काळाचं कौतुक नव्हतं.

आणि आपल्या सिंधुताई. वर्ध्याच्या माई. घरातून हाकलल्यावर गोठ्यात बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचून तोडली, हे त्या स्वतः भाषणात सांगायच्या. मी ते भाषण ऐकलंय. लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या? नऊ महिन्यांच्या बाईला गुरांच्या गोठ्यात टाकणाऱ्या गावाची ती लाज आहे. माई जगल्या हा त्यांचा चिवटपणा, त्या प्रसूतीचं मोठेपण नव्हे.

आता दुसरी बाजू. डॉक्टर मंडळींनी कृपया शेवटपर्यंत वाचावं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे सरकारचेच आहेत. २००५-०६ मध्ये देशात शंभर बाळंतपणांपैकी साडेआठ सिझर होती. २०१९-२१ मध्ये साडेएकवीस. आपल्या महाराष्ट्रात २५.४. पण खरा आकडा त्याच्या पोटात आहे. देशभरात सरकारी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४. एकाच देशातल्या बाया, तेच गर्भाशय, तीच नाळ. सरकारी पायरी चढली तर सातातली एक कापावी लागते आणि खासगी पायरी चढली तर दोनातली एक? उलट अवघडलेल्या केसेस शेवटी सरकारी मोठ्या दवाखान्यातच ढकलल्या जातात ना? शेजारच्या तेलंगणात तर एकूणच ६०.७ टक्के.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली स्पष्ट सांगितलंय की लोकसंख्येच्या पातळीवर सिझर दहा टक्क्यांच्या वर गेल्यानं आई-बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. त्याच निवेदनात असंही आहे की विशिष्ट आकड्याच्या मागं लागू नका, जिला गरज आहे त्या प्रत्येक बाईला सिझर मिळालंच पाहिजे. दोन्ही वाक्यं एकत्र वाचा. आपल्याकडं पहिलं वाक्य यूट्यूबवाले वाचतात आणि दुसरं दवाखानेवाले.

मग कापाकापी का वाढते? 'डॉक्टर लुटारू' एवढं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी बऱ्याच डॉक्टरांशी बोललेय. तालुक्याच्या गावातला दवाखाना म्हणजे बहुतेक वेळा एकच डॉक्टर, किंवा नवरा-बायको. नॉर्मलला दहा-बारा तास लागतात, तेही रात्री-अपरात्री. सिझर तासाभरात उरकतं आणि बहुतेक ठिकाणी बिल कितीतरी जास्त. भूल देणारे डॉक्टर बाहेरगावाहून येतात, त्यांना दुपारी चारची वेळ देता येते, पहाटे तीनची नाही. आणि पहाटे तीनला बाळाचे ठोके पडले, काही वाईट झालं तर? नातेवाईक काचा फोडतात. त्यासाठी २०१० साली राज्यात कायदा करावा लागला, एवढं आपण शूर. मग डॉक्टर म्हणतो कशाला जोखीम, आत्ताच कापू. पैसा आहेच, पण भीतीही आहे. आणि भीती आपण घातली आहे.

शिवाय मुहूर्तवाले. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा होती तर कानपूरला बायांनी त्याच दिवशी सिझर करा म्हणून मागणी केली, ही बातमी सगळ्यांनी वाचली असेल. आपल्याकडं पंचांग उघडून डॉक्टरांना वेळ सांगणारे सासरे मी पाहिलेत. तेव्हा सगळा दोष एका टेबलावर नको.

पण म्हणून दवाखान्यांना मोकळं सोडायचं नाही. मुंबईच्या सुवर्णा घोष यांनी २०१७ मध्ये एक साधी मागणी ऑनलाइन याचिकेतून केली. प्रत्येक दवाखान्यानं आपल्याकडं नॉर्मल किती आणि सिझर किती याचा फलक लावावा. लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या, तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मेनका गांधींनी उचलून धरलं आणि केंद्र सरकारच्या सीजीएचएस योजनेतल्या दवाखान्यांना तसा फलक लावायचा आदेशही निघाला. बाकीच्यांचं काय? आपल्या जिल्ह्यात दर्शनी भागात 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' हा फलक असतो, कारण कायदा आहे. त्याच्या शेजारी दुसरा फलक लावायला किती खिळे लागतात? मोठ्या दवाखान्यात अवघड केसेस येतात म्हणून आकडा फुगतो, ही डॉक्टरांची तक्रार रास्त आहे. त्यावर उपायही आहे. रॉबसन वर्गीकरण म्हणतात, बायांचे दहा गट करून आकडे मोजतात. पहिलटकरीण वेगळी, आधी सिझर झालेली वेगळी, जुळी वेगळी. जागतिक आरोग्य संघटना तेच वापरा म्हणते.

आता त्या बारशातल्या पोरीचा प्रश्न.

तिला आत्ताच सांगून ठेवलंय की 'पहिलं सिझर म्हणजे दुसरं सिझरच'. हे वाक्य १९१६ सालचं आहे. न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरचं. तेव्हा गर्भाशयावर वरून खाली उभा छेद द्यायचे, तो पुढच्या कळांत फाटायची भीती मोठी. आता बहुतेक वेळा खालच्या बाजूला आडवा छेद असतो. असा एकच आडवा छेद असेल, पहिल्या सिझरचं कारण पुन्हा नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साठ ते ऐंशी बायांचं दुसरं नॉर्मल होतं. धोका आहे. सुमारे दोनशेत एकीचा जुना छेद उसवतो, आणि उसवला तर मिनिटांचा खेळ असतो. म्हणजे ऑपरेशन थिएटर तयार हवं, भूलतज्ज्ञ हजर हवा, रक्त तिथंच हवं. ह्या बाबतीत घर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे जुगार. उलट दरवेळी कापत गेलो तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतून बसायचा धोका वाढत जातो, हेही कुणी बाईला सांगत नाही.

म्हणजे त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर 'होईल' असंच आहे, पण कुठं? आपल्या तेरा तालुक्यांत चोवीस तास थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त एका छताखाली असलेली किती ठिकाणं? बाकी ठिकाणी चिठ्ठी तयार असते, 'रेफर टू अकोला'. खामगावहून अकोला पन्नास किलोमीटर. जळगाव जामोद-संग्रामपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यावरून तर आधी खाली उतरायचं, मग तालुका, मग खामगाव, मग अकोल्याचं लेडी हार्डिंग. त्या पाड्यावरची बाई विनाऔषध बाळंत होते तेव्हा तो तिनं निवडलेला मार्ग नसतो. रस्ता नसतो म्हणून तसं होतं. तिच्या गोष्टीला कुणी बारशात टाळ्या वाजवत नाही.

माझ्या सिस्टरकडे परत येते. त्या रात्री त्यांनी जे केलं, ते सगळं आता पुस्तकात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचना वाचा. बाईला हिंडू-फिरू द्या, खाऊ-पिऊ द्या, तिच्या पसंतीची सोबतीण आत असू द्या, पोट दाबू नका, सरसकट कट मारू नका, आणि पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे ही घाई सोडा. दुसऱ्या खेपेला कळांचा जोराचा टप्पा साधारण दहा तासांच्या आत आटोपतो, तोवर आई-बाळ ठीक असतील तर वाट बघा. सोबतीणीला आपल्या केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यात परवानगी दिलीय. २०१७ च्या डिसेंबरात 'लक्ष्य' कार्यक्रम आला, २०१८ च्या डिसेंबरात मिडवाइफ नर्सेसचं राष्ट्रीय धोरण आलं. तेलंगणानं सिझर इतकं वाढल्यावर का होईना, फर्नांडिस हॉस्पिटलच्या मदतीनं सरकारी नर्सेसना अठरा महिन्यांचं मिडवाइफचं प्रशिक्षण दिलं. आपण काय केलं? बुलडाण्याला मेडिकल कॉलेज आलं, चांगलंच झालं, पेढे मीही खाल्ले. पण डॉक्टर तयार व्हायला साडेपाच वर्षं लागतात आणि बाई उद्या पहाटे अडणार आहे.

माझ्या सिस्टरना ते जमलं कारण त्या रात्री त्यांच्याकडं मी एकटी होते. त्याच सिस्टरकडं एका वेळी चार बाया असत्या तर? त्यांनीही मला टेबलावर आडवं केलं असतं, सलाईन लावलं असतं. नॉर्मल बाळंतपणाला मशीन कमी लागतं, माणूस जास्त लागतं. आणि माणूस भरायचं म्हटलं की सरकारला कळा सुरू होतात.

दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लाखो लोक येतात. जिजाऊंच्या माहेरी मातृत्वावर भाषणं होतात, मंत्री येतात, हेलिकॉप्टर उतरतं. त्या गर्दीची बातमी मी कित्येक वर्षं दिली. यंदा एकाही नेत्याला 'तुमच्या मतदारसंघातल्या ग्रामीण रुग्णालयात रात्री किती सिस्टर असतात' असं विचारलं नाही, ही माझीही चूक.

ती दुरुस्त करतेय. येत्या सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकणार आहे. मागच्या तीन वर्षांत प्रत्येक सरकारी आणि नोंदणीकृत खासगी दवाखान्यात किती बाळंतपणं झाली, किती सिझर. सरकारी लेबर रूममध्ये रात्रपाळीला मंजूर नर्स किती, हजर किती. रक्त साठवण केंद्र कुठं कुठं चालू आहे. किती बाया बाहेर रेफर केल्या. आणि पहिलं सिझर झालेल्या बाईला दुसऱ्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करू देणारं सरकारी ठिकाण जिल्ह्यात कोणतं.

उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकीन. तोवर ज्यांच्याकडं डिस्चार्ज कार्ड असेल त्यांनी ते काढून बघा, सिझरचं कारण काय लिहिलंय ते वाचा. 'पाणी कमी', 'नाळ गळ्यात', 'कळा नाहीत', जे असेल ते. नाव-गाव झाकून फोटो मला इनबॉक्स करा.

आणि त्या मावशींना ही पोस्ट कुणीतरी वाचून दाखवा. त्या फेसबुकवर नाहीत.